अर्थ लागत नाही

२ फेब्रुवारी १९८६, रविवार. मांडवी.

गाडीला काजूच्या टरफलाचं तेल लावून आज पुरं झालं. मांडवीत लोखंडाला समुद्र खातो. आमच्या खिडकीचे गज त्याने दोनदा खाल्ले. होडीवाले होडीला हेच तेल चोपडतात आणि बापाची होडी मुलगा वापरतो, मग आमच्या गाडीनेच काय पाप केलंय? खालचा पत्रा, बॉनेटच्या आतला पत्रा, कोपरे, सांदी, काही सोडलं नाही. इंजिन आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक चपटी वेणी आहे. तीही बोल्ट सोडवून काढली, दोन्ही टोकं तेलात बुडवली, ती जिथे बसते ती जागा रंगवली, सगळं कडक वाळू दिलं आणि वेणी होती तिथे घट्ट बसवली. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. अर्धवट काम मला जमत नाही.

या तेलाने हातांची सालं निघाली. विमलाने खोबरेल लावलं आणि म्हणाली, "माझ्या पायाला कधी इतकं तेल चोळलं नाहीत. करा, सवतीचे लाड करा."

गाडीला ती सवत म्हणते. खरं तर गाडी आली तिच्यासाठीच. गेल्या पावसात न्हाणीच्या पायरीवरून घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी एस.टी. बंद म्हणून सांगितलं. सदूने, आमच्या मुलाने, मुंबईत नवी टॅक्सी घेतली आणि ही जुनी फियाट आम्हाला दिवाळीत आणून दिली. भाट्याच्या वाळूत आठ दिवस मला शिकवलं आणि गेला. मीटरची पट्टी अजून तशीच आहे. साठाव्या वर्षी मी ड्रायव्हर झालो. मागे बसून विमला कधीकधी "दादर किती घेणार?" म्हणून विचारते.

८ फेब्रुवारी, शनिवार.

वेळणेश्वरहून तुळसाताईंचं कार्ड. त्या विमलाच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेल्यावर विमलाला त्यांनीच वाढवलं. काचबिंदू आहे. गुहागरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली फार दिवस उरणार नाही. अक्षरं एकमेकांवर चढलेली. "विमल, पूर्ण काळोख व्हायच्या आधी एकदा तुझं तोंड बघीन म्हणते."

विमलाने कार्ड दोनदा वाचलं आणि तांदूळ निवडायला बसली. निवडलेलेच तांदूळ होते.

मी म्हटलं, "गाडी आहे ना आता! हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, शृंगारतळी. एका दिवसात तुला दारात उतरवतो." ती हसली. तिचा माझ्यावर विश्वास आहे, माझ्या गिअर टाकण्यावर नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

गाडी सुरू होईना. सेल्फ मारला की नुसतं टक्क. शेवटी हँडल मारून उठवली. चालू झाल्यावरही दिवे पिवळे, हॉर्न सर्दी झाल्यासारखा. एवढं तेलपाणी केलं त्याची ही परतफेड.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

शेजारचे आत्माराम आले. हायस्कूलात विज्ञान शिकवायचे. निवृत्त होताना त्यांना शाल मिळाली आणि जुना व्होल्टमीटर त्यांनी मागून घेतला. इंजिन चालू ठेवून आम्ही दोघे बॉनेटमध्ये डोकी घालून उभे. डायनॅमोपाशी चौदा व्होल्ट. बॅटरीपाशी बारासुद्धा धड नाहीत. म्हणजे डायनॅमो वीज पुरेशी करतो, ती बॅटरीला पुरेशी मिळत नाही.

"दोन व्होल्ट वाटेत कोण खातं?" आत्माराम म्हणाले.

आम्ही डायनॅमोपासून बॅटरीपर्यंतची तार बदलली. मग वीज जोडतोड करणाऱ्या कटआउटच्या डबीतले पॉइंट घासले. मग फॅनबेल्ट ताणला, इतका की तो रडायला लागला, म्हणून परत ढिला केला. खाणारा काही सापडला नाही. विमलाने चहा आणला आणि विचारलं, "जायची वाट बघितलीत, यायची बघितलीत का?" दोन शिक्षक काम करत असताना तिसऱ्याने मध्ये बोलू नये, असं मी तिला सांगितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

नाक्यावरच्या फिटरने सांगितलं, बॅटरी गेली. नवी बसवली. दोन दिवस बरी. आज परत टक्क.

२६ फेब्रुवारी, बुधवार.

आज लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

सकाळी हँडल मारून निघालो. विमला नारळी काठाची हिरवी साडी नेसली होती. ताईंसाठी आंबोळ्यांचं पीठ, कोकमं, सुकी कोळंबी असं सगळं पिशवीत. मी म्हटलं, इंजिन बंदच करायचं नाही, म्हणजे प्रश्नच नाही. निवळीच्या चढावर पुढे एस.टी. थांबली, मी गिअर चुकलो आणि गाडी बंद पडली. सेल्फ टक्कसुद्धा करीना. तीनचारदा जोर लावला तर चोकची तार एवढी तापली की बोट भाजलं. चोकच्या तारेचा आणि विजेचा काय संबंध? या गाडीत कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.

लोकांनी धक्का देऊन गाडी फिरवून दिली. उतारावर इंजिन उठलं, पण पुढे जायची हिंमत झाली नाही, घरी परत आलो. घरी आल्यावर पिशवी रिकामी करताना विमला म्हणाली, "बरं झालं हो. निवळीपर्यंत तरी माहेर जवळ आलं."

मला रागावली असती तर बरं झालं असतं.

३ मार्च, सोमवार.

जो भेटतो तो म्हणतो, धाकूकडे न्या. गाडीच्या वायरिंगमध्ये माळनाक्यावरच्या धाकूचा हात धरणारा सगळ्या जिल्ह्यात नाही म्हणतात. मी "बघू" म्हणून वेळ मारून नेतो. कारण इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे सांगण्यासारखं नाही.

धाकू माझा विद्यार्थी. साठ-एकसष्ट साल, सातवी. निबंधाचा विषय "माझी आई." त्याने काहीतरी चार ओळी खरडल्या होत्या, काय होत्या ते आता आठवत नाही. मी लाल शाईने शेरा मारला, "अर्थ लागत नाही." तेव्हा मी हा शेरा फार वापरायचो आणि मला तो फार आवडायचा. तेवढ्यावर थांबलो नाही. वर्गात निबंध वाचून दाखवला. वर्ग हसला. पुढल्या आठवड्यापासून धाकू शाळेत दिसला नाही.

त्यानंतर माळनाक्यावरून जाताना मी नेहमी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालतो.

१७ मार्च, सोमवार.

विमलाने आज ताईंना पत्र लिहायला घेतलं आणि "येऊ शकत नाही" एवढं लिहून पेन ठेवलं. ते वाक्य मी वाचलं. गाडीला हँडल मारलं आणि सरळ धाकूकडे गेलो.

चाळिशीचा झाला आहे. फडक्याला हात पुसून वाकला आणि नमस्कार केला. मी "असू दे, असू दे" म्हणत राहिलो. तेल लावल्यापासूनचं सगळं त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "गाडी हितंच ठेवा गुरुजी. शिमग्याला गावी जायचा हाय, त्याच्या आदी बगून ठेवतंय."

मी शाळेचा विषय काढला नाही. त्यानेही काढला नाही. किती सभ्य मुलगा, असं मनात येऊन मी घरी आलो.

२१ मार्च, शुक्रवार.

सभ्य! धाकूचं दुकान बंद. पठ्ठ्या शिमग्याला गेला. गाडी बाहेर उभी, किल्ली शेजारच्या चहावाल्याकडे आणि किल्लीबरोबर ही चिठ्ठी. इथे उतरवून वहीतच ठेवतो:

"गुरुजींस सा. न. अर्थ लागत नाही. तुम्हीच काढलात, तुम्हीच नीट लावा. एस.टी. धरायची आहे. धाकू."

पंचवीस वर्षं मनात ठेवलं पोराने! माझाच शेरा, शब्दाला शब्द, माझ्याच तोंडावर मारला. वर आणखी, मी त्याच्या निबंधाचा भलता अर्थ काढला, तो आता मीच नीट लावावा! आणि एवढं झोंबणारं लिहून वर "सा. न."! चहावाल्याच्या देखत हसायचा प्रयत्न केला, तोंड वाकडं झालं. चार हँडलं मारली तेव्हा गाडी उठली आणि दम खात घरी आणली.

एक मान्य केलं पाहिजे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

२२ मार्च, शनिवार.

चिठ्ठी विमलाने वाचली. बराच वेळ वाचली. मग म्हणाली, "अहो, आपल्या जुन्या रेडिओला नव्हती का एक अर्थाची तार? तुम्ही तुळशीच्या कुंडीत पुरली होतीत. ती निघाली की रेडिओ खरखर करायचा."

मी म्हटलं, "ते अर्थिंग. जमिनीत पुरतात. गाडीला रबरी चाकं आहेत, ती काय कुंडीत पुरायची? इथे माणूस माझा अपमान करतो आहे आणि तू रेडिओ काढतेस."

"धाकूला एकदा विचारा तरी."

"मी विचारणार नाही."

"बरं," असं म्हणून तिने चिठ्ठी परत वहीत ठेवली. हिला कुठल्या वेळी काय आठवेल, सांगता येत नाही.

२६ मार्च, बुधवार.

होळी झाली. मांडवीत पोरं रात्रभर ओरडत होती. विमला माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. आमटीला मीठ जास्त होतं, तरी मी दोनदा वाढून घेतली.

२९ मार्च, शनिवार.

वेळणेश्वरहून कार्ड. अक्षर ताईंचं नाही, शेजारच्या कुणाचं तरी. उजव्या डोळ्याचं दिसणं गेलं. डाव्याला भर उजेडात थोडं दिसतं. "ताई रोज बाहेर येऊन रस्त्याकडे बघतात."

विमलाने खुंटीवरची पिशवी काढली. "सोमवारी सकाळच्या एस.टी.ने जाते."

"डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे ना?"

"खुबा परत मोडला तर परत जोडतील. ताईचे डोळे कोण जोडणार?" मग शांतपणे म्हणाली, "तुमचा मान तुम्ही सांभाळा. मला माझी बहीण बघू द्या."

चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी बाहेर पडवीत जाऊन बसलो. तिचं खरं आहे. मान माझा, आणि भाडं तिचा पाय भरणार.

३० मार्च, रविवार.

पावसच्या बसने धाकूच्या गावी गेलो. वाटेत मनात चार वेळा भाषण तयार केलं. पोचलो तर त्याच्याच अंगणात पालखी आलेली. ढोल वाजत होते आणि धाकू पालखी खांद्यावर घेऊन नाचत होता. मला बघून त्याने खांदा दुसऱ्याला दिला आणि धावत आला.

"गुरुजी! हितं? काय झाला? वयनी बऱ्या हायत ना?"

माझं भाषण गेलं कुठल्या कुठे. मी एवढंच म्हटलं, "धाकू, त्या शेऱ्याचं चुकलं माझं. वर्गात वाचायला नको होतं. तू चिठ्ठीत लिहिलंस ते बरोबर आहे. पण विमलाला वेळणेश्वरला न्यायचं आहे, तेवढी गाडी करून दे."

धाकू माझ्याकडे बघतच राहिला. "चिट्टीत काय लिवलंय मी?"

मी खिशातून काढून दिली. त्याने वाचली, परत वाचली आणि मटकन खालीच बसला. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

"अवो गुरुजी, अर्थ म्हंजे अर्थिंग!" अंगणातल्या मातीत बोटाने त्याने गाडी काढली. "करंट बॅटरीतनं जातो तारेनं. पण परत यायला तार नाय. तो इंजिनातनं त्या तांब्याच्या वेणीनं पत्र्यावर येतो न् पत्र्यावरनं बॅटरीत. त्या परतीच्या वाटेला आमी अर्थ बोलतंव. तुमी वेणी काढलात, तेल चोपडलात, परत लावलात. मदी तेलाचा पापुद्रा बसला. अर्थ लागंल कसा? वाट बंद झाल्यावर करंट चोकच्या तारेनं घुसला. म्हनून ती तापली."

"मग तूच का नाही लावलास?"

"सापडला तवा एस.टी.ला पाच मिन्टां होती. पालखी देवळातनं भायर निघनार न् मी नाय? म्हटला, धा मिन्टांचा काम, गुरुजी करतील. वेणी तुमीच इतकी चांगली बसवलीवती."

मी ओट्यावर बसलो. दीड महिना आम्ही वीज जायची वाट तपासत होतो. यायची वाट बघितलीत का, हे मला एका बाईने चहा देता देता विचारलं होतं.

मग मीच म्हटलं, "पण शाळा? शाळा माझ्यामुळे सोडलीस ना?"

"छ्या! आय आजारी पडली. माशाची टोपली कोन उचलनार? म्हनून सोडली."

"निबंधात काय लिहिलं होतंस रे तू?"

तो जरा लाजला. "माजी आई रोज धाला खिडकीत येते. ती आली की मला गणित येतं. असा कायतरी."

येसूबाई, त्याची आई, पडवीतच बसली होती. आता थकली आहे. ती म्हणाली, "शालंच्या खालनंच जायची वाट व्हती माजी. डोकीवर टोपली, थांबायला नाय गावायचा. मी वर बगायची, ह्यो खाली बगायचा."

त्या खिडकीशी माझी खुर्ची होती. दहा वाजता मासेवाली ओरडत जायची आणि मी खिडकी लावून घ्यायला सांगायचो. त्या निबंधात अर्थ होता. तो मला लागला नाही. याचं मला फार वाईट वाटलं आणि तसं मी त्या दोघांना सांगितलं. येसूबाईने माझ्या हातावर पुरणपोळी ठेवली.

३१ मार्च, सोमवार.

सकाळी सहाला विमलाला म्हटलं, एक तास दे. एस.टी. जाऊ दे. ती पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली, चप्पल घालूनच.

वेणी सोडवली. दोन्ही टोकं आणि पत्रा पॉलिशपेपरने घासला. ते तेल म्हणजे लाखच. पाऊण तास हात दुखेपर्यंत घासलं, तेव्हा खाली तांबं लखलखलं. परत बसवली. आत्माराम मीटर घेऊन आले. सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात उठली. बॅटरीपाशी चौदा! आत्माराम ओरडले, "चौदा, गुरुजी, चौदा!" शेजारपाजारचे बघायला आले.

विमला पायरीवरूनच म्हणाली, "रेडिओसारखंच निघालं ना?"

मी म्हटलं, "होय. तू पास, मी नापास."

बॅटरी नीट भरावी म्हणून दिवसभर भाट्यापर्यंत खेपा घातल्या. उद्या निघायचं. "उद्या एक एप्रिल आहे," ती म्हणाली, "फसवत नाही ना?" पण चप्पल काढून ठेवली.

२ एप्रिल, बुधवार. वेळणेश्वर.

काल सातला निघालो. निवळीचा चढ आला तेव्हा विमलाने डोळे मिटले आणि वर गेल्यावर उघडले. चिपळूणला जेवलो. मी हळू चालवतो; विमलाच्या पायासाठी दर तासाला थांबलो, आणि शृंगारतळीच्या पुढे एक फाटा चुकलो. दिवस मावळायच्या बेताला ताईंच्या दारात पोचलो.

ताई अंगणातच होत्या. गाडीचा आवाज ऐकून पुढे आल्या, हात समोर धरून. विमला काठी टेकत उतरली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ताईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग तिला जरा लांब धरलं, मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"उजेडात ये गो," त्या म्हणाल्या. "दिसत नाय मला."

उजेड होता कुठे? सूर्य गेलेला. आत चाळिसाचा दिवा, तोही पिवळा. "राहू दे ताई, सकाळी बघ," विमला म्हणाली. "सकाळी असेल काय नजर, कोणी सांगितलंन?" ताई म्हणाल्या.

मी गाडीत जाऊन बसलो. इंजिन चालू केलं आणि मोठे दिवे लावले. अंगण दिवसासारखं झालं. डायनॅमोचं असं आहे की इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं तर दिवे बसतात, म्हणून पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. दिवे पांढरे झाले आणि पांढरेच राहिले.

विमला त्या उजेडात उभी राहिली. पदर सावरला, केस मागे घेतले, एखाद्या मुलीसारखे. ताईंनी तिची हनुवटी धरली आणि डावा डोळा तिच्या अगदी जवळ नेला. खूप वेळ बघत होत्या. कपाळ, नाक, कानातल्या कुड्या. त्या काय बोलल्या ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. दोघी हसल्या, मग दोघी रडल्या, मग ताई परत बघायला लागल्या.

पायाला मुंग्या आल्या होत्या. पण पाय मी काढला नाही.